तिसरं केळवण

डायलिसिसला बसण्याआधी माणसाचं केळवण करावं, ही कल्पना मूळची बेबीची. लग्न ठरलेल्या मुलाला नातेवाईक घरोघर बोलावून जेवू घालतात, कारण पुढे त्याचं काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं. मग आपल्या दादाच्याच बाबतीत कंजूषी का, असा तिचा सवाल होता. सोमवारपासून शरदचंद्र मशीनला बांधले जाणार. मग मीठ बेताचं, पाणी मापाचं, फळ खायचं तर डॉक्टरला विचारून. "त्याच्या आधी भावाला पोटभर जेवूही घालू नये का? आपण काय दुश्मन आहोत काय?" असं तिने फोन करकरून सगळ्यांना विचारलं, आणि हो, दुश्मन आहोत, असं म्हणायला कोणी पुढे आलं नाही.

पहिलं केळवण मोठ्या भावाकडे, नानांकडे, इंदूरच्या मल्हारगंजात झालं. दुसरं विद्युत मंडळातल्या जुन्या सहकाऱ्यांनी केलं. त्यात भाषणं झाली, आणि ती ऐकताना शरदचंद्रांना सारखं वाटत होतं की भिंतीवर आपला फोटो असावा, त्याला हार असावा आणि आपण उगाचच खुर्चीत बसून व्यत्यय आणतो आहोत. तिसरं आज, रविवारी दुपारी, बेबीच्या सुदामा नगरातल्या घरी.

घर पहिल्या मजल्यावर. शरदचंद्र जिना चढले ते तरंगत चढले. अलीकडे ते सगळीकडे तरंगतच जात. जग थोडं लांब गेलं होतं, कडा मऊ झाल्या होत्या, माणसांचे आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखे येत. मध्येच दम लागला की ते थांबत, पण दम लागला म्हणून थांबलो असं कोणाला वाटू नये म्हणून काहीतरी बघत थांबत. आज त्यांनी खालच्या भाडेकरूची पाटी वाचली, मग कठड्यावरची तुळस पाहिली, मग नुसतीच भिंत.

"काय पाहून राहिले, बाबा?" मागून देवेंद्रने विचारलं.

"रंग चांगला दिलाय," शरदचंद्र म्हणाले.

देवेंद्र चकित झाला. आपल्या वडिलांना एखाद्या भिंतीचा रंग आवडला, हे त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

चकित घरातले सगळेच होते, गेले काही महिने. विद्युत मंडळातल्या नोकरीत शरदचंद्रांनी वीजचोर पकडले, आणि संध्याकाळी घरी येऊन घरातले चोर पकडायला घेतले. दूध कोणी उतू घालवलं, पंखा कोणी चालू ठेवला, बी.कॉम.ला एवढेच मार्क का. त्यांच्या आवाजाने शेजारच्यांची मुलंसुद्धा अभ्यासाला बसत. आणि आता हिमोग्लोबिन सातच्या खाली घसरल्यापासून हा माणूस लोण्यासारखा झाला होता. चहा गार आला तरी "असू दे" म्हणायचा. त्या "असू दे"ची घरात कोणाला सवय नव्हती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या बायकोने, शोभनाने, घाबरून थर्मामीटर लावला होता.

बेबीने पाटावर बसवून ओवाळलं आणि आहेर हातात ठेवला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि एक शाल.

"त्या हाताला सुया लावतील ना, तर बाही वर करायची भानगडच नको. आणि शाल यासाठी की तिथे म्हणे थंडी वाजते. मी विचारली एका पेशंटला."

शरदचंद्रांचा डावा हात मांडीवर होता. मनगटाशी डॉक्टरांनी उन्हाळ्यातच शीर आणि धमनी एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या, मशीनसाठी. कानाशी धरलं की तिथून घूं घूं असा आवाज येई, थेट सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरसारखा. त्यांना तो आवाज आवडू लागला होता. शर्टकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. पूर्वीच्या शरदचंद्रांनी शर्ट कोणत्या दुकानातला आणि बटणं सैल का, हे विचारलं असतं.

"हाय रे माझा दादा!" बेबीने नाक ओढलं. "खरं सांगू का, बुरा नको मानू, पण तू आता इतका गोड झालास ना."

"वो ही तर," तिचे यजमान दिवाकर म्हणाले. दिवसभरातलं हे त्यांचं पहिलं आणि बहुधा शेवटचं वाक्य होतं.

पानं वाढली गेली. भुट्ट्याचा कीस, भरली केळी, डाळिंबाची कोशिंबीर, बासुंदी, पापड, कैरीचं लोणचं, आणि तुपात बुडवलेले बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे. शेजारी शहाळ्याचं पाणी पेलाभर.

"आत्या," देवेंद्रची बायको मंजिरी हळूच म्हणाली, "केळी, डाळिंब, शहाळं... या सगळ्यात पोटॅशियम असतं. किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. ते वाढलं तर हृदयाचे ठोके चुकतात."

मंजिरी नाशिकची. कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायची आणि मराठी अशी बोलायची की इंदूरच्या या घरात वर्तमानपत्र कोणीतरी मोठ्याने वाचतंय असं वाटे.

"अगं, पण डाळिंबाने रक्त वाढतं! बीट नाही ठेवली मी, तर तेवढं तरी मान. आणि बाफले दोनच आहेत. इंदूरच्या माणसाला बाफले नाही दिले तर ते केळवण नाही झालं, एकादशी झाली."

"बेबी बरोबर बोलून राहिली," नाना म्हणाले. ते शहात्तर वर्षांचे होते आणि आजवर कुठल्याही आजाराला त्यांनी घरात मत मांडू दिलं नव्हतं. "मूळ मुद्दा रक्ताचा आहे. रक्त कमी आहे तर रक्त भरा. दोन बाटल्या चढवा, घोडा उभा राहील. मी आमच्या अर्पितला सांगून ठेवलंय, ऋषभलाही. दोघं नातू तयार बसलेत. ही मशीनची झंझट कशाला?"

"मोठे काका, डॉक्टरबाई नको म्हणाल्यात. नाइलाज झाला तरच बाटली. एक तर तेवढं पाणी अंगात वाढतं. शिवाय पुढेमागे किडनी बसवायची झाली, तर दुसऱ्यांचं रक्त घेतलेलं शरीर ती परकी म्हणून ओळखायला शिकलेलं असतं. मग ते ती किडनी नाकारतं."

"दुसऱ्यांचं?" नानांनी घास खाली ठेवला. "अर्पित दुसरा?"

"शरीराला नातं कळत नाही, काका."

"तुमच्या नाशिकला नसेल कळत."

शोभना लोणच्याच्या फोडीकडे बघत राहिली. मागच्या आठवड्यात तिने आपली किडनी त्यांना जुळते का हे बघायला रक्त तपासायला दिलं होतं. हे फक्त मंजिरीला आणि शरदचंद्रांना माहीत होतं, आणि शरदचंद्रांनी त्यावर "असू दे" एवढंच म्हटलं होतं, जे नक्की कशाला, हे तिला कळलं नव्हतं.

"मग काय करणार आहेत त्या बाई?" बेबीने विचारलं.

"इंजेक्शन. किडनी नुसतं पाणी गाळत नाही, आत्या. रक्त बनवा असा निरोप हाडांना तीच पाठवते. ती थकली की निरोप बंद. इंजेक्शन म्हणजे तोच निरोप, बाहेरून. आणि जोडीला सलाइनमधून लोह. दोन-तीन महिन्यांत हळूहळू अकरापर्यंत येईल."

"अकराच?" नाना म्हणाले. "माणसाचं चौदा असतं. बाकीचे तीन कुणासाठी राखून ठेवणार?"

"त्याच्या वर ओढलं तर गुठळ्या होतात, पक्षाघाताची भीती."

"आमच्या घराण्यात पासापुरत्या मार्कांवर आजवर कोणी समाधान मानलं नाही," नाना म्हणाले. हे खोटं होतं, आणि देवेंद्रने पानाकडे पाहिलं.

मंजिरीने शेवटचा प्रयत्न केला. "काका, प्रश्न नुसता अशक्तपणाचा नाही. डायलिसिसवर जाणाऱ्या माणसाला किडनीपेक्षा हृदय जास्त दगा देतं, असं त्या म्हणाल्या. रक्तात दम नाही, म्हणून तेवढ्याच कामाला हृदय दुप्पट पळतं. बाबांच्या इकोमध्ये हृदयाची भिंत जाड झालेली दिसलीय."

"जाड म्हणजे मजबूत," नाना म्हणाले.

या वाक्यावर बेबीने बासुंदी वाढली.

शरदचंद्र हे सगळं ऐकत होते. पाण्याखाली बसून काठावरच्या लोकांचं ऐकावं तसं. माणसं किती प्रेमाने भांडत होती! देवेंद्र त्यांच्या अगदी शेजारी बसला होता, गुडघ्याला गुडघा लागेल असा. मोठा झाल्यापासून तो असा कधी बसला नव्हता. जेवताना नेहमी दाराच्या बाजूची जागा धरायचा. आत्ता त्याने बाफल्याचा तुकडा कुस्करून त्यांच्या पानात सारला, लहान मुलाला द्यावा तसा. त्यांनी तो खाल्ला. पुढचाही खाल्ला. शहाळ्याचं पाणी प्यायले. सगळं गोड होतं, मीठसुद्धा.

"शरद, तुला काय वाटतं?" नानांनी विचारलं.

हाही एक नवा रिवाज. पूर्वी त्यांना काय वाटतं हे विचारायची वेळच यायची नाही.

"मला छान वाटतंय," शरदचंद्र म्हणाले. मग तसंच तरंगत तरंगत म्हणाले, "उद्या नाही गेलं तर?"



"बघा!" नाना म्हणाले. "पेशंट स्वतः बोलतोय. दिवाळी होऊन जाऊ दे, मग बघू."

"हाव, दिवाळी घरात होऊ दे," बेबी म्हणाली. "फराळ तरी खाईल धड."

"तसं पंधरा दिवसांनी काय फरक पडणार आहे..." देवेंद्रने मंजिरीकडे न बघता म्हटलं.

मंजिरीने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे. एवढ्या पंगतीत तिच्या बाजूला उरलेलं माणूस असेल तर तेच. शोभना उठली आणि हात धुवायला गेली.

जेवणानंतर शरदचंद्रांना मागच्या खोलीत दिवाणावर आडवं केलं. पडदे हिरवे होते आणि बाहेर ऊन, त्यामुळे खोलीत तळ्याच्या तळासारखा उजेड होता. बाहेरच्या खोलीत दिवाळीत कोणाकडे काय, याची वाटणी चालू झाली होती. त्यांनी मनगट कानाशी धरलं. घूं घूं. मग डोळे मिटले, आणि तळ्याचं पाणी हळूहळू छातीत चढायला लागलं. आधी बरगड्यांपर्यंत, मग गळ्यापर्यंत. ते उठून बसले. पाणी उतरलं. पुन्हा आडवे झाले, पुन्हा चढलं.

दार उघडून शोभना आत आली. तिच्या हातात तीन उशा होत्या. तिने त्या त्यांच्या पाठीशी रचल्या.

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही हल्ली रात्री खुर्चीत बसून पुस्तक वाचता ना," ती म्हणाली. "दिवा बंद करून."

ते ओशाळून हसले. ती दिवाणाच्या कडेला बसली.

"शोभना, उद्या खरंच नको जाऊ या."

"का?"

"बरं चाललंय की. देवेंद्र शेजारी बसला आज, पाहिलंस? बेबी गोड म्हणाली. नानाने माझं मत विचारलं. तूसुद्धा..."

"मी काय?"

"तूसुद्धा हल्ली माझ्याशी खोटं बोलत नाहीस. पूर्वी दूध उतू गेलं की मांजर आलं होतं म्हणायचीस. परवा म्हणालीस, माझं लक्ष नव्हतं." त्यांनी दम घेतला. "इंजेक्शनं घेतली, रक्त चढलं, की तो परत येईल."

"कोण तो?"

"तो. विद्युत मंडळवाला."

शोभनाने पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. खोली थंड होती. घाम यायचं काही कारण नव्हतं.

"तुम्हाला वाटतंय तुम्ही सुधारलात," ती म्हणाली. "तुम्ही सुधारला नाहीत. दमलात. ओरडायला श्वास पुरत नाही म्हणून ओरडत नाही. त्याला स्वभाव म्हणत नाहीत हो, आजार म्हणतात."

त्यांनी उशीला डोकं टेकलं.

"बाहेरच्यांना आवडतोय हा गोड दादा. त्यांचं काय, जेवून घरी जातील. मला नको दमलेला नवरा. मी तपासायला रक्त दिलंय ते काय या 'असू दे'साठी? लग्न झाल्यापासून ज्याच्याशी भांडत आले, तो पाहिजे मला परत. माझी कितीतरी भांडणं बाकी आहेत. अर्धी तर तुम्हाला माहीतसुद्धा नाहीत, मी मनातल्या मनात केलेली. ती ऐकायला धडधाकट माणूस लागतो."

"आणि परत आल्यावर पुन्हा तसाच वागला तर?"

"तर मी आता पूर्वीसारखी नाही," शोभना म्हणाली. "मांजराचं नाव सांगणार नाही."

शरदचंद्र पडद्याकडे बघत म्हणाले, "सांवेरला बदलीवर होतो ना मी, तेव्हा रब्बीत व्होल्टेज पडायचं. शेतकऱ्यांना सांगून सांगून जीभ झिजली, की कमी दाबावर पंप चालवू नका. ते म्हणायचे, साहेब, चालतोय की, पाणी येतंय. यायचंच पाणी. दाब कमी असला की मोटर बंद पडत नाही, करंट जास्त ओढते. चालत राहते आणि आतून तापत जाते. बाहेरून हात लावावा तर लगेच समजतही नाही. मग एक दिवस वास येतो, तोवर आतल्या तारांचं वाइंडिंग जळालेलं." त्यांनी मनगट खाली ठेवलं आणि उजवा हात छातीवर ठेवला, आतल्या यंत्राला हात लावून पाहावं तसा. "मी चिडायचो त्यांच्यावर. अडाणी म्हणायचो."

"काय होतंय तुम्हाला?" तिचा आवाज बदलला होता. "खरं सांगा."

"छातीत दाबल्यासारखं होतंय. इथे येताना जिन्यात सुरू झालं. आता पाणी वर वर येतंय. आणि ठोके... मध्येच एक राहून जातो."

शोभना उठली. "देवेंद्र!" तिने हाक मारली.

बाहेरची दिवाळी एका क्षणात बंद पडली. ओरडणं हे या कुटुंबात शरदचंद्रांचं खातं होतं. शोभनाला असा आवाज आहे, हे आजवर कोणाला ठाऊक नव्हतं. बहुधा तिलाही नसावं.

मंजिरीने उभ्या उभ्या डॉक्टरबाईंना फोन लावला. श्वास, घाम, छाती, सगळं सांगितलं. पलीकडून विचारलं गेलं, आज काय खाल्लं? मंजिरीने एकेक पदार्थ सांगायला सुरुवात केली. भरली केळी. डाळिंब. शहाळं. पापड, लोणचं. ते ऐकता ऐकता बेबी भिंतीला टेकत टेकत खाली बसली. सकाळपासून तिने जे जे मायेने रांधलं होतं, ते फोनवर पोलिसांत दिलेल्या तक्रारीसारखं ऐकू येत होतं.

"बासुंदी," मंजिरी म्हणाली, आणि थांबली. मग ती "हो, हो मॅडम" म्हणाली आणि फोन ठेवला. "उद्या नाही. आत्ता. इमर्जन्सीत थेट न्या म्हणाल्या, त्या मशीन तयार ठेवतायत. आणि बाबांना चालवायचं नाही, एक पायरीसुद्धा नाही."

"मी मारली माझ्या दादाला," बेबी म्हणाली.

"आत्या, रडणं नंतर. आधी त्यांच्या औषधांची पिशवी आणा," मंजिरी म्हणाली, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिचं कोणीतरी लगेच ऐकलं.

नाना दाराशी गेले, धाकट्या भावाच्या चपला उचलून आणल्या आणि खाली बसून एकेक करून त्याच्या पायात घालायला लागले. पाय सुजलेले होते, पट्टा बसेना. "नाना, असू दे," शरदचंद्र म्हणाले. "गप बैस," नाना म्हणाले. शेवटी पट्टा सोडून त्यांनी चपला तशाच हातात धरल्या.

प्लास्टिकची खुर्ची आणली. शरदचंद्रांना तीत बसवून शाल पांघरली. पुढचे पाय दिवाकरांनी धरले, पाठीची बाजू देवेंद्रने. खुर्ची उचलली गेली आणि शरदचंद्र खरोखरच तरंगायला लागले. दारातून बाहेर, जिन्यावर, उन्हात. खाली गाडीपर्यंत सगळं पांढरं पांढरं दिसत होतं आणि फार लांब. कोणीतरी शाल सारखी करत होतं. या पांढऱ्यात असंच सुटून जावं, एवढं सोपं पूर्वी काहीच नव्हतं. कुठेच काही बोचत नव्हतं.

वळणावर देवेंद्रचा पाय चुकला. खुर्ची पुढे कलली, शरदचंद्र अर्धे घसरले आणि त्यांच्या उजव्या हाताने कठडा गच्च पकडला.

"अरे, मागची बाजू खाली घे, खाली!" ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण ओळखीचा होता. "अक्कल... अक्कल काय कुठे..."

श्वास संपला. जिन्यावर सगळे थिजले. ते वाक्य कुठे जातं हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. देवेंद्र तर त्या वाक्यावर लहानाचा मोठा झाला होता. पण ते कोणी पुरं केलं नाही. देवेंद्रने मागची बाजू खाली घेतली आणि तो तसाच उभा राहिला, डोळे भरलेले, वडिलांच्या तोंडाकडे बघत.

"बोला ना, बाबा," तो म्हणाला. "मी थांबतो."

शरदचंद्रांचे ओठ हलले. शोभना खालच्या पायरीवरून दोन पायऱ्या वर आली आणि तिने त्यांचा कठड्यावरचा हात सोडवून आपल्या हातात घेतला.

"राहू द्या आत्ता," ती म्हणाली. "उरलेलं अंगात रक्त आलं की बोला. आम्ही कुठे जातोय?"

त्यांनी मान हलवली. मग ते उरलेलं वाक्य दातांत घट्ट धरून खाली निघाले.